शस्त्रक्रियेपूर्वींची रक्तपरीक्षा

शस्त्रक्रियेपूर्वीं रोग्याचें रक्त तपासलें, कीं घरच्या मंडळींस धीर येतो. परंतु कांचेच्या नळींत रक्त किती वेळांत गोठतें, एवढ्यावरून शस्त्राखालीं रक्तस्राव किती होईल याचें भविष्य वर्तवितां येत नाहीं.

अमेरिकेंत जॉन हेगमन नांवाचा एक रेल्वे-कामगार होता. त्याच्या पोटांतील व्रणावर शस्त्रक्रिया ठरली, तेव्हां त्याचें रक्त नळींत गोठावयास फार विलंब लागतो असें आढळलें. तथापि पूर्वीं त्यास अतिरिक्त रक्तस्राव कधींच झाला नव्हता! ऑस्कर रॅट्नॉफ व जोन कोलोपी यांनीं १९५५ सालीं या कोड्याचा उलगडा प्रसिद्ध केला. हेगमनच्या रक्तांत एका घटकाची उणीव होती. त्यास आतां बारावा घटक म्हणतात. नळींतील रक्त त्यावांचून लवकर गोठत नाहीं. देहांतील जखमेचें मात्र त्यावांचून अडत नाहीं. १९६८ सालीं हेगमन वारला, तो फुप्फुसांत रक्ताची गुठळी अडकून.

उलटपक्षीं, सौम्य आनुवंशिक रक्तस्रावदोष असूनही ही परीक्षा निर्दोष ठरूं शकते. म्हणून दांत काढतांना किंवा बाळंतपणांत रक्त फार गेलें होतें काय, घराण्यांत कोणास तशी खोड आहे काय, अ‍ॅस्पिरिनसारखें औषध चालू आहे काय, हे प्रश्न आधीं विचारावयाचे. उत्तरांत संशयास जागा असेल, तेथें योग्य त्या परीक्षा अवश्य कराव्या. या प्रश्नांचीं नेमकीं उत्तरें मात्र घरच्या माणसांपाशींच असतात.