‘ळ’चा नंबर कितवा? हजेरीपट आणि संगणकाचा क्रम



आधी माझीच फजिती सांगतो. हातानं लिहिलेल्या हजेरीपटात 11 कावरे, 12 काशीकर, 13 काळे असा क्रम होता. चाचणीचे गुण मी त्याच क्रमानं टाइप केले आणि संगणकानं लावलेल्या यादीशेजारी चिकटवले. ती यादी होती काळे, कावरे, काशीकर! तिघांचेही गुण चुकले. काळेची आई पेपर घेऊन शाळेत आली, तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं.

चूक माझी होतीच, पण संगणकानं असा क्रम का लावला?

संगणकासाठी प्रत्येक अक्षर म्हणजे एक क्रमांक. युनिकोडमध्ये ‘ळ’चा क्रमांक ‘ल’च्या लगेच नंतर आणि ‘व’च्या आधी येतो. सगळ्या भारतीय लिप्यांना एकच साचा असावा म्हणून ‘इस्की’ नावाची मांडणी झाली होती, युनिकोडनं तीच उचलली. आपण मात्र मुलांना ‘स, ह, ळ, क्ष, ज्ञ’ असं शिकवतो. साधं सॉफ्टवेअर वर्णमाला बघत नाही, फक्त क्रमांक बघतं. आधीच आपल्या वऱ्हाडात ‘काळे’चं ‘काये’ होतं. बोलण्यात ळ हरवतो, यादीत तरी जागेवर सापडावा ना!

‘क्ष’ची गंमत वेगळी. संगणकात ते एक अक्षर नाहीच. क, हलन्त आणि ष असे तीन तुकडे आहेत. म्हणून क्षीरसागर शेवटी न येता कोल्हेनंतर, खंडारेच्या आधी येतो. याला सरसकट चूक म्हणता येणार नाही, काही शब्दकोशही ‘क्ष’ला ‘क’मध्येच घेतात. शाळेनं एक काहीतरी ठरवावं आणि तेच पाळावं.

हा क्रम बदलता येतो. युनिकोडचाच ‘सीएलडीआर’ नावाचा भाषावार माहितीसाठा आहे, त्यात मराठीसाठी ‘ह’नंतर ‘ळ’ असा नियम आहे. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये डेटा, मग सॉर्ट, मग ऑप्शन्स उघडा आणि भाषा मराठी निवडा. शाळेसाठी कुणी ॲप बनवून देत असेल, तर त्याला ‘& ह < ळ < क्ष < ज्ञ’ एवढी ओळ द्या. अर्थ सोपा आहे: ‘ह’पासून सुरू करा आणि पुढची अक्षरं याच क्रमानं लावा.

एक्सेलमधली ‘कस्टम लिस्ट’ इथं कामाची नाही. ती अक्षरं बघत नाही, अख्खा शब्द जुळवते. अमरावतीचे 14 किंवा अकोल्याचे 7 तालुके ठरलेल्या क्रमानं लावायला ती छान, पण दरवर्षी नव्या येणाऱ्या आडनावांना कशी पुरणार?

आणखी एक खोड आहे ‘ॲ’ची. हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आलं, त्यामुळे त्याचा क्रमांक ‘ह’च्याही पुढचा. विज्ञानाची शब्दसूची लावली की ‘ॲसिड’ शेवटी जाऊन बसतं. पण कुणी तेच ‘अ’ला चंद्र जोडून टाइप केलं असेल, तर ते ‘अ’मध्येच राहतं. दिसायला दोन्ही सारखे, यादीत मात्र एक वर आणि एक खाली. म्हणून यादी लावण्याआधी ‘शोधा आणि बदला’ वापरून सगळीकडे एकच ‘ॲ’ करून घ्या.

गुण चढवण्याआधी कावरे, काशीकर, काळे, क्षीरसागर ही चार नावं टाकून बघा. याच क्रमानं आली, तर निदान ‘ळ’ हजेरीपटाप्रमाणे जागेवर आला असं समजा.