टेस्ट लिहिताना लॉगिन कसं ओलांडायचं?

व्हिडिओत कोड जरा धावतच दाखवला, म्हणून त्यातला लॉगिनचा भाग इथे नीट लिहितोय.

उदाहरण आपल्या कोलाडचंच घेऊ. कुंडलिकेतलं राफ्टिंग चालतं ते भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून सकाळी सोडलेल्या पाण्यावर, त्यामुळे सगळ्यांना सकाळचीच वेळ हवी. समजा एका राफ्टिंगवाल्यासाठी तुम्ही लाराव्हेलमध्ये बुकिंगची एपीआय लिहिलीय. राफ्टमध्ये जागा आठ. नववं बुकिंग नाकारलं जातं का, एवढंच टेस्टने तपासायचंय. पण टेस्ट चालवली की उत्तर येतं ४०१, म्हणजे 'आधी लॉगिन करा'. दारावरचा वॉचमन, म्हणजे ऑथेंटिकेशन मिडलवेअर, आत सोडतच नाही.

मग बरेच जण मूळ कोडमध्येच अट घालतात: टेस्ट मोड असेल तर लॉगिन तपासू नको. कृपा करून हे करू नका. ही अट खऱ्या सर्व्हरवरही जाते. तिथे सेटिंगची एक ओळ चुकली की ग्राहकांची नावं, फोन नंबर कुणालाही उघडे! काही जण गुप्त हेडर ठेवतात, तो आला की सोडायचं. मार्च २०२५ मध्ये नेक्स्ट जेएसमध्ये असाच प्रकार उघडकीस आला. मिडलवेअर स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावत बसू नये म्हणून एक अंतर्गत हेडर होता. तोच बाहेरून पाठवला की तपासणी वगळली जायची. तो टेस्टसाठी नव्हता, पण धोका तोच. १४.२.२५ आणि १५.२.३ या आवृत्त्यांत तो बंद केला.

दुसरा शॉर्टकट म्हणजे टेस्टमध्ये 'विदाउट मिडलवेअर'. हा टेस्टपुरताच राहतो हे खरं, पण वॉचमनबरोबर बाकीचा स्टाफही घरी जातो. यूआरएलमधल्या नंबरवरून बुकिंगचं रेकॉर्ड शोधून देणारंही एक मिडलवेअरच असतं. ते बंद झालं की कंट्रोलरला रिकामं बुकिंग मिळतं, आणि युजर तर नसतोच. टेस्ट भलत्याच कारणाने पडते, तुम्ही मात्र जागांच्या हिशेबात चूक शोधत बसता.

त्यापेक्षा 'ॲक्टिंग ॲज' वापरा. फॅक्टरीतून एक युजर बनवा आणि टेस्टला सांगा, हा लॉगिन झालेला आहे. वॉचमन जागेवरच राहतो, फक्त ओळखीचा माणूस आला म्हणून सोडतो. टोकन असेल तर सँक्टमचं वेगळं 'ॲक्टिंग ॲज' आहे. त्यात टोकनच्या परवानग्याही देता येतात. जँगो रेस्ट फ्रेमवर्कमध्ये यालाच 'फोर्स ऑथेंटिकेट' म्हणतात. फास्टएपीआयमध्ये 'डिपेंडन्सी ओव्हरराइड्स' आहे, पण टेस्ट संपली की ते रिकामं करा, नाहीतर पुढच्या टेस्टमध्ये तोच युजर घुसतो.

आणि काही टेस्ट मुद्दाम काहीही न ओलांडता लिहा. लॉगिनशिवाय बुकिंगची यादी मागितली तर ४०१ यायला हवा. मुदत संपलेल्या टोकनलाही तेच उत्तर. रोह्याच्या ग्राहकाने लॉगिन करून पेणच्या ग्राहकाचं बुकिंग रद्द करायचा प्रयत्न केला तर ४०३. चार-पाच ओळींच्या टेस्ट आहेत, क्लायंटला डेमो द्यायच्या आधी चालवाच.