ठासणीची बंदूक : जुनी आणि नवी

नळीच्या तोंडातून दारू आणि शिशाची गोळी गजाने ठासून भरायची, ती ठासणीची बंदूक. प्रत्येक बारानंतर ती पुन्हा भरावी लागते. जुन्या प्रकारात गारगोटीची ठिणगी बाजूच्या छिद्रातून काळ्या दारूपर्यंत पोचते. दमट हवेत बार फुसका जातो. पुढे गारगोटीची जागा ठोका बसताच पेटणाऱ्या केपाने घेतली. आधुनिक बंदुकीत केप थेट दारूच्या मागे, नळीच्या सरळ रेषेत बसतो. त्यामुळे बार खात्रीने पेटतो, नळी मागून उघडून साफ करता येते आणि दुर्बीणही लावतात. १९८५ मध्ये अमेरिकेत टोनी नाइट यांनी असा नमुना बाजारात आणला. तिथे हरणांच्या शिकारीचे ठरलेले हंगाम असतात. पेनसिल्व्हेनियात १९७४ पासून गारगोटीच्या बंदुकीचा स्वतंत्र हंगाम आहे.

भारतात मात्र बंदूक जुनी असो वा नवी, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार हरणाची शिकार गुन्हाच आहे. शस्त्र बाळगणे हा वेगळा प्रश्न. ब्रिटिश अधिकारी मार्क कब्बन यांनी १८६१ मध्ये कर्नाटकातील कोडगूच्या लोकांना शस्त्रबंदीतून सूट दिली. बेंगळुरूतील उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तिथल्या कोडव समाजाची ही सूट कायम ठेवली. कैलपोळ्द सणाला कोडव लोक शस्त्रे पुजतात. पण ही सूट शस्त्र बाळगण्यापुरती आहे, शिकारीचा परवाना नव्हे. परंपरेचा मान राखताना रानातला जीवही राखलाच पाहिजे.