निळी ज्योत, केशरी नळी

मुळशी तालुक्यात आज दोन वेगवेगळे गॅस जळतात. हिंजवडी-बावधनच्या बऱ्याच सोसायट्यांत पाइपलाइनचा गॅस आला आहे. पौड ओलांडून माले, ताम्हिणीकडे निघालात की मात्र घरोघर १४.२ किलोची लाल टाकीच दिसते. दोन्हीकडची शेगडी दिसायला सारखीच, त्यामुळे फ्लॅटमधली शेगडी गावच्या घरी नेऊन सरळ टाकीला जोडली जाते. ‘शेगडी ती शेगडी, गॅस कुठलाही चालतो’ ही समजूत त्यामागे असते.

पाइपमधून येतो तो मुख्यतः मिथेन, टाकीत असतात प्रोपेन आणि ब्युटेन. तेवढ्याच आकारमानाच्या टाकीतल्या गॅसपेक्षा मिथेन निम्म्याहूनही कमी उष्णता देतो. म्हणून पाइपगॅसच्या शेगडीत जेटचे छिद्र मोठे ठेवलेले असते. तीच शेगडी टाकीवर लावली की प्रमाणाबाहेर गॅस सुटतो आणि पिवळी, उंच, काजळी धरणारी ज्योत पेटते. उलट केले तर ज्योत मरतुकडी राहते. शेगडीची जागा बदलली की जेट बदलायचे, आणि तेही कंपनीच्या किंवा एजन्सीच्या माणसाकडून.

पिवळ्या ज्योतीचे खापर बहुतेक वेळा गॅसवर फुटते. ‘या टाकीत भेसळ आहे, भांडी काळी पडतात,’ असे सर्रास ऐकू येते. खरे कारण बहुधा शेगडीतच सापडते. आंबेमोहोराचा भात उतू गेला की त्याची दाट पेज बर्नरच्या छिद्रांत जाऊन वाळते. शेगडी काही दिवस बंद असेल तर आतल्या नळीत कोळी जाळे करतो, झुरळ शिरते. मग गॅसला पुरेशी हवा मिळत नाही आणि ज्वलन अर्धवट राहते. भांडे काळे होणे ही त्यातली लहान गोष्ट. अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला रंग नाही आणि वासही नाही. पावसाळ्यात दारे-खिडक्या लावून घेतलेल्या स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो. मिठाचे पाणी सांडल्यावर क्षणभर उडणाऱ्या नारिंगी ठिणग्यांची काळजी नको. सतत पिवळी राहणारी ज्योत मात्र दुरुस्ती मागते आहे असे समजावे.

बर्नर थंड झाल्यावर काढून कोमट साबणपाण्यात भिजवावा, छिद्रे ब्रशने मोकळी करावीत आणि पूर्ण वाळल्यावरच बसवावा. जेटमध्ये मात्र सुई घालू नये. जेट पितळेचे असते, त्याचे छिद्र सुईने रुंदावले की शेगडी कायमची बिघडते. काचेची शेगडी तापलेली असताना तिच्यावर ओले फडके फिरवणेही टाळावे. अचानक थंडावलेली काच तडकते.

सगळ्यांत घातक समज गॅसच्या वजनाचा आहे. ‘गॅस हलका असतो, खिडकी उघडली की वर निघून जातो.’ हे मिथेनला लागू पडते. टाकीतला गॅस हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असतो. गळाला की तो पाण्यासारखा जमिनीवरून पसरतो, कोपऱ्यात, खळग्यात साचतो. आता गावाकडचे स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. ओट्यावर शेगडी, ओट्याखाली टाकी, आणि त्याच खोलीत जमिनीवर भाकरीसाठी राखलेली चूल. भाकरी चुलीवरचीच गोड लागते हे मान्य, पण राखेखाली धुमसणारा निखारा नेमका गॅस साचतो त्या पातळीवर असतो. तीच गोष्ट देवघरातल्या समईची. म्हणून चूल दुसऱ्या खोलीत किंवा पडवीत हवी, आणि टाकी बंद कपाटात असेल तर कपाटाला तळाशी झरोके हवेत.

वास आल्यावर पंखा लावणे ही याच समजाची पुढची पायरी. बटण दाबताना उडणारी ठिणगीही गॅस पेटवायला पुरते. बटण चालूही करू नये, बंदही करू नये. आधी विस्तव, समई विझवावी, रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर येऊन १९०६ वर फोन करावा. गळती कुठे आहे हे काडी पेटवून कधीच बघू नये. जोडांवर साबणाचा फेस लावला की बुडबुडे जागा दाखवतात.

टाकी संपत आली की ती आडवी करायची, हलवायची, गरम पाण्यात ठेवायची, असे उपाय अनेक घरांत चालतात. टाकीत गॅस द्रवरूपात असतो आणि वाफ होताना तो टाकीच्या पत्र्यातूनच उष्णता घेतो. आषाढातल्या गारठ्यात, त्यातही द्रव थोडाच उरला असेल तर, वाफ कमी बनते आणि ज्योत मंदावते. टाकी आडवी केली की वाफेऐवजी द्रवच नळीत जातो आणि शेगडीवर एकाएकी भडका उडू शकतो. किती गॅस उरला हे पाहायचे असेल तर टाकीवर ओले फडके फिरवावे. द्रव आहे तिथवरचा पत्रा उशिरा वाळतो.

नळीवर प्लास्टिकचे आवरण चढवल्याने ती टिकते असे नाही, उलट तिच्या भेगा झाकल्या जातात. आत तारेची जाळी असलेली केशरी सुरक्षा नळी घ्यावी आणि ती धड दिसत असली तरी पाच वर्षांनी बदलावी.

राहिली टाकीवरची ‘एक्सपायरी’. कड्याच्या पट्टीवर आतल्या बाजूला ‘सी-२७’ असे काही लिहिलेले असते. ती गॅसची मुदत नव्हे, गॅस नासत नाही. ती टाकीच्या पुढच्या दाबचाचणीची मुदत आहे: ए म्हणजे मार्चअखेर, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर, आणि पुढचा आकडा वर्षाचा. ती उलटलेली असेल तर टाकी गाडीवरून उतरवून घेऊ नये, दुसरी मागावी.