आजीच्या लुगड्याला कात्री लावण्यापूर्वी

तंजावरच्या भोसल्यांचे राज्य १८५५ मध्ये संपले, तरी राजवाडा परिसरातल्या घरांत मराठी टिकून राहिली. अशा घरातल्या ट्रंकेतून आजीचे रेशमी नऊवारी लुगडे निघाले, की नातीच्या परकर-पोलक्याचा विषय निघणारच. परकराला शेजारीण पावाडै म्हणते, इतकाच फरक!

नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर; कापड भरपूर वाटते. पण जुने रेशीम घड्यांवर विरते, जरीच्या ओझ्याने काठाजवळ फाटते. शिवाय एकदा चुकीची कात्री लागली, की आजीचे दुसरे लुगडे आणायचे कुठून?

अमेरिकेत एबेनेझर बटरिक यांनी १८६३ मध्ये मापवार कागदी नमुने विकायला काढले. असे नमुने बेतलेले असतात नव्या, सलग कापडासाठी. म्हणून पाकिटावरच्या चित्राला भुलण्याआधी लुगडे उजेडात धरावे, विरलेल्या जागी रंगीत दोरा घालावा आणि धड कापड मोजावे.

परकरासाठी नमुना घेणे म्हणजे पैसे वाया. काठ सरळ ठेवून चुण्या घातल्या, की झाले. नमुना हवा तो पोलक्याला, कारण मुंढा आणि बाही अंदाजाने बसत नाहीत. तो वयावरून न घेता छातीच्या मापावरून घ्यावा. शिवणीची माया त्यात धरली आहे का, हे पाकिटामागे वाचावे. आधी मांजरपाटावर बेतून पाहावे, रेशमाला मऊ सुती अस्तर द्यावे.

काठाच्या वर, आतून एक आडवी दुमड घालून ठेवावी. नात उंच झाली, की उसवता येते.