ऑनलाइन लिलाव : पहिली बोली लागण्यापूर्वी

कपाटाच्या खणात वर्षानुवर्षे पडून असलेले एचएमटीचे चावीचे घड्याळ, वडिलांनी हौसेने घेतलेला फिल्म कॅमेरा, सत्तरच्या दशकातील हिंदी चित्रपटांची छापील पोस्टर. भंगारवाल्याच्या तराजूत या वस्तूंचे मोल फारसे नसते. परदेशातील संग्राहक मात्र त्यासाठी चांगले पैसे मोजतात, हे आता अनेकांच्या कानावर आलेले असते. मग एके दिवशी 'ईबे'वर खाते उघडले जाते, मोबाइलने दोन छायाचित्रे काढली जातात आणि वस्तू लिलावाला लागते. सात दिवसांनी एकतर कोणी फिरकलेलेच नसते, किंवा घड्याळ टपालखर्चही भागणार नाही अशा भावात गेलेले असते.

हे असे का होते, याचे उत्तर वस्तूत क्वचितच असते. नव्या विक्रेत्याकडे माल असतो; नसते ती पत. बाजारपेठेतल्या दुकानदाराची पत त्याच्या गल्लीत उभी राहते. इथे खरेदीदार दहा-बारा हजार किलोमीटरवर असतो आणि वस्तू हाती येण्याआधी पैसे देतो. त्याला दिसतात ती छायाचित्रे, वर्णन आणि विक्रेत्याच्या नावापुढचा एक आकडा. नवख्याच्या बाबतीत तो आकडा शून्य असतो.

मोडक्या लेझर पॉइंटरपासून

पिएर ओमिदियार या संगणक अभियंत्याने १९९५ च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियात 'ऑक्शनवेब' नावाचे संकेतस्थळ सुरू केले. त्यावर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणून एका मोडलेल्या लेझर पॉइंटरची नोंद आहे; तो १४ डॉलर ८३ सेंटला गेला. हेच संकेतस्थळ पुढे 'ईबे' झाले. भारतात २००० साली सुरू झालेले 'बाझी डॉट कॉम' ईबेने २००४ मध्ये विकत घेतले आणि 'ईबे डॉट इन' या नावाने चालवले. २०१७ मध्ये हा भारतीय व्यवसाय फ्लिपकार्टकडे गेला आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये ते संकेतस्थळ बंद झाले. त्यामुळे मुंबईतल्या माणसाने पुण्यातल्या माणसाला ईबेवर मोबाइल विकण्याचे दिवस संपले. आज भारतातून तिथे विक्री करणे म्हणजे निर्यात करणे होय. नवख्यांच्या नजरेतून सुटणारी पहिली गोष्ट हीच.

निर्यात म्हटली की कागदपत्रे आली. परकीय व्यापार महासंचालनालयाकडून मिळणारा आयात-निर्यात कोड आवश्यक असतो. तो पॅन क्रमांकाशी जोडलेला असून अर्ज ऑनलाइन करता येतो. शुल्क ५०० रुपये आहे. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातील माहिती अद्ययावत करावी लागते, अन्यथा कोड निष्क्रिय होतो. निर्यातीवर जीएसटीचा दर शून्य असला, तरी नोंदणी आणि हमीपत्राची प्रक्रिया चुकत नाही. एखाद-दुसरी वस्तू विकून थांबणाऱ्याला हा व्याप परवडणारा नाही, हे आधीच सांगितलेले बरे. वर्षभर चिकाटीने विकायचे असेल तरच या वाटेला जावे.

बोली चालते कशी

गणेशमंडळातल्या नारळाच्या लिलावात प्रत्येक जण मोठ्याने आकडा ओरडतो. इथे खरेदीदार आपली कमाल मर्यादा गुपचूप नोंदवून ठेवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने लागेल तेवढीच बोली वाढवते. समजा, एकाने एका घड्याळासाठी ५० डॉलरची मर्यादा दिली आणि दुसऱ्याने ३५ ची. भाव ५० वर जात नाही. दुसऱ्याच्या मर्यादेहून एक पायरी वर, म्हणजे ३६ डॉलरवर थांबतो. थोडक्यात, किंमत ठरवतो तो हरलेला माणूस. विल्यम विक्रे या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये ज्या 'दुसऱ्या बोलीच्या' लिलावाची मीमांसा केली, त्याच्या जवळचाच हा प्रकार आहे.

याचा विक्रेत्याला कळायला हवा असा अर्थ एवढाच, की वस्तूवर जीव टाकणारा एक ग्राहक पुरेसा नाही, दोन हवेत. दुर्मीळ आणि ज्याच्या भावाचा अंदाज नाही अशा वस्तूला लिलाव शोभतो, कारण अनोळखी संग्राहक आपसांत चुरस करून भाव सांगतात. सर्रास मिळणाऱ्या वस्तूला ठरावीक किंमत लावणेच शहाणपणाचे. ईबेवरही आज बहुतांश व्यवहार ठरावीक किमतीनेच होतात.

शेवटच्या काही सेकंदांत बोली टाकण्याची खरेदीदारांची सवय नवख्याला बुचकळ्यात टाकते. सहा दिवस शांतता आणि अखेरच्या मिनिटात गर्दी! अल्विन रॉथ आणि अॅक्सेल ऑकेनफेल्स यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचे कारण नियमांत सापडले. ईबेचा लिलाव ठरल्या क्षणी संपतो. त्या काळच्या अॅमेझॉनच्या लिलावात मात्र शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की मुदत वाढत असे आणि तिथे ही घाई बरीच कमी होती. तेव्हा पाचव्या दिवशी बोली नाही म्हणून घाबरून लिलाव मागे घेऊ नये. मुदत कधी संपते याकडे मात्र लक्ष हवे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रविवारी रात्रीचे नऊ वाजतात, तेव्हा भारतात सोमवारची सकाळ असते. उन्हाळ्यात साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. सात दिवसांचा लिलाव त्या वेळी संपवायचा, तर तो सोमवारी पहाटे उठून किंवा वेळ आधी नेमून त्याच घटकेला सुरू करावा लागतो. भारतीय विक्रेत्याने आपल्या सोयीने दुपारी दोनला लावलेला लिलाव तिकडे ऐन झोपेच्या वेळी संपतो.

शून्याची किंमत

विक्रेत्याच्या नावापुढच्या आकड्याला खरोखर किती मोल आहे? पॉल रेझ्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा प्रत्यक्ष प्रयोग केला. जुनी पिक्चर पोस्टकार्डे विकणाऱ्या एका नावाजलेल्या विक्रेत्याने सारख्याच दर्जाचे गठ्ठे काही आपल्या जुन्या नावाने, तर काही नव्याने उघडलेल्या खात्यांवरून विकले. माल तोच, माणूसही तोच. तरी जुन्या नावाला खरेदीदार सरासरी ८.१ टक्के अधिक द्यायला तयार होते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाकडे नव्या विक्रेत्याने फी म्हणून पाहावे. पहिल्या दहा-वीस विक्रींत भाव थोडा कमीच येणार, हे धरून चालायचे आणि म्हणूनच घरातली सर्वांत मौल्यवान वस्तू पहिल्या दिवशी लिलावाला लावायची नाही.

ईबेही नवख्यावर लगेच विश्वास टाकत नाही. महिन्याला किती वस्तू आणि किती रकमेपर्यंत विकता येतील यावर सुरुवातीला मर्यादा असते; विक्रीचे पैसेही काही काळ रोखून ठेवले जाऊ शकतात. त्यामुळे उसने भांडवल घेऊन माल भरणाऱ्याची कोंडी होते.

मुंबईच्या विक्रेत्यापुढे आणखी एक अडचण आहे आणि ती आपल्याच काही व्यापाऱ्यांनी निर्माण केली आहे. जुन्या मनगटी घड्याळांच्या जगात 'मुंबई स्पेशल' हा शब्द रूढ आहे. तो गौरवाने वापरला जात नाही. झिजलेली डायल भडक रंगात पुन्हा रंगवायची, वेगवेगळ्या घड्याळांचे भाग एकत्र जोडायचे आणि 'जुने, अस्सल, सुस्थितीत' म्हणून विकायचे, अशा घड्याळांना संग्राहक या नावाने ओळखतात. सेको, फेवर ल्युबा, एचएमटी, कोणीच यातून सुटलेले नाही. 'भारतातून पाठवले जाईल' एवढे वाचूनच काही खरेदीदार पुढे सरकतात.

प्रामाणिक विक्रेत्याला याची झळ बसते, पण उपायही त्याच्याच हाती आहे. डायल रंगवलेली असेल तर ती रंगवलेली आहे, असे पहिल्याच ओळीत लिहावे. घड्याळ उघडून आतील यंत्राचे छायाचित्र द्यावे, झाकणाच्या आतील बाजूवरील खुणा दाखवाव्यात, काचेवरचा ओरखडा झाकू नये. घड्याळ दिवसाला किती मिनिटे पुढे-मागे जाते हे तपासून नोंदवावे. तपासले नसेल तर तसे म्हणावे. रंगवलेल्या डायलच्या घड्याळालाही गिऱ्हाईक असते, फक्त त्याचा भाव वेगळा असतो. एचएमटीची घड्याळनिर्मिती करणारी उपकंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ च्या जानेवारीत घेतला. मूळ अवस्थेतील 'जनता' वा 'पायलट' संख्येने वाढणार नाहीत. अशा वेळी पॉलिश करून चकचकीत केलेल्या घड्याळापेक्षा जुनाट पण न छेडलेले घड्याळ जाणत्याला अधिक मोलाचे वाटते. घरातून निघालेल्या घड्याळाला विकण्याआधी 'नवे' करून घेण्याचा मोह म्हणूनच टाळावा.

दुसरा मोह भावाचा. बोली वाढत नाही असे दिसले की मेव्हण्याच्या किंवा मित्राच्या खात्यावरून आपल्याच वस्तूवर बोली टाकायची कल्पना सुचते. ती नियमांनुसार निषिद्ध आहे आणि काही देशांत गुन्हाही ठरते. २००० साली अमेरिकेतील सॅक्रामेंटो शहरातील एका वकिलाने जुन्या सामानात सापडल्याचा आव आणून एक चित्र २५ सेंटपासून लिलावाला लावले होते. साथीदारांच्या खोट्या खात्यांवरून बोली चढवण्यात आली आणि ती १,३५,८०५ डॉलरवर पोहोचली. चित्रही बनावट निघाले, व्यवहार रद्द झाला आणि प्रकरण अमेरिकेच्या न्यायालयात गेले. तिथे त्याने गुन्हा कबूल केला.

हिशेब आधी, लिलाव नंतर

किमान बोली एक डॉलर ठेवली की गर्दी होते, असा सल्ला सर्रास दिला जातो. दोन-तीन संग्राहक हमखास येतील अशा वस्तूला तो लागू पडतो. नव्या खात्यावरील साध्या घड्याळाला एकच बोली आली, तर ते एका डॉलरला द्यावे लागते. ज्या भावाखाली वस्तू गेल्यास जिवाला लागेल, तीच किमान बोली ठेवणे बरे.

तो भाव काढण्यासाठी उलटा हिशेब मांडावा. समजा, घड्याळ ३० डॉलरला गेले आणि टपालापोटी १० डॉलर मिळाले. ईबेचे शुल्क वस्तूच्या किमतीवर नव्हे, तर टपालासह एकूण रकमेवर लागते. ते वस्तूच्या प्रकारानुसार बदलते. १३ टक्के धरले तर ४० डॉलरवर ५ डॉलर २० सेंट गेले. टपालाला प्रत्यक्षात १२ लागले, तर उरले २२ डॉलर ८०. त्यातून रुपयांत बदलण्याचे शुल्क, वेष्टन आणि घड्याळ विकत आणले असेल तर त्याची किंमत वजा करायची.

परतीचे ओझे याहून जड. वस्तू वर्णनाप्रमाणे नाही असे खरेदीदाराने म्हटले आणि ते मान्य झाले, तर परतीचा टपालखर्च विक्रेत्यावर येतो. अमेरिकेतून घड्याळ परत मागवण्याचा खर्च कधी घड्याळाहून अधिक भरतो. मग पैसे परत करून वस्तूवर पाणी सोडण्यावाचून गत्यंतर नसते. शिवाय २००८ पासून विक्रेत्याला खरेदीदाराविषयी नकारात्मक अभिप्राय नोंदवता येत नाही. बोली जिंकून पैसे न देणारे महाभागही भेटतात. चार दिवस वाट पाहून तो व्यवहार रद्द करता येतो आणि दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराला वस्तू देऊ करता येते.

अमेरिकेला माल पाठवणाऱ्यांचे गणित २०२५ मध्ये बदलले. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली शुल्कमाफी त्या देशाने २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून घेतली. भारतीय टपाल खात्याने अमेरिकेसाठीचे बुकिंग काही आठवडे थांबवले होते. ते ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झाले. शुल्काचे दर वारंवार बदलत असल्याने वस्तू लिलावाला लावण्याच्या दिवशीच चौकशी करावी आणि शुल्क कोण भरणार हे वर्णनात स्पष्ट लिहावे. एरवी पार्सल अमेरिकेत अडते आणि वाईट अभिप्राय मुंबईतल्या खात्यावर येतो.

विकता न येणारा वारसा

सर्वांत गंभीर चूक जुन्या वस्तूंच्या बाबतीत होते. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती, चित्रे व इतर कलावस्तू पुरावशेष ठरतात. ऐतिहासिक, वाङ्मयीन वा शास्त्रीय महत्त्वाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. त्यांची निर्यात केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेली संस्थाच करू शकते. उल्लंघनास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद आहे. आजीच्या डब्यातला शिवराई पैसा किंवा देवघरातली पितळी मूर्ती परदेशी ग्राहकाला पाठवणे म्हणूनच साधा व्यापार राहत नाही. आपण शेकड्याने तशी नाणी विक्रीला पाहिली, हा युक्तिवाद कस्टमपुढे चालत नाही. वयाविषयी शंका असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे वस्तू दाखवून ती पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र घेता येते. त्याला वेळ लागतो, म्हणून ते लिलाव लावण्यापूर्वीच घ्यावे; बोली संपल्यानंतर खरेदीदार महिनाभर थांबत नाही.