मालविका बनसोड, व्हाया रायपूर

बदलापूर ते ठाणे हे अंतर रेल्वेने सुमारे 35 किलोमीटर. अंबरनाथ आणि उल्हासनगर त्याच वाटेवर. या पट्ट्यात सोसायटीच्या आवारात शटल उडवणारी मुलं कमी नाहीत. पण एखाद्या मुलीने खेळ मनावर घेतला, की घरात आधी लोकलचं वेळापत्रक समोर येतं. शाळा किती वाजता सुटते, कल्याणला गाडी कोणती धरायची, गर्दीत किटबॅग कशी न्यायची आणि रात्री तिला आणायला स्टेशनवर कोण जाणार? यांची उत्तरं जुळली तरच पुढे रॅकेट आणि कोचिंग. मोठ्या शहराच्या कडेला राहणाऱ्या खेळाडूचा निम्मा खेळ असा कोर्टाबाहेर ठरतो, आणि म्हणूनच मालविका बनसोडची गेल्या काही वर्षांची वाटचाल इथल्या पालकांनी जवळून पाहावी अशी आहे.

मालविका नागपूरची. जन्म 15 सप्टेंबर 2001. आई-वडील दोघेही दंतवैद्य. मुलीने तब्येतीसाठी एखादा खेळ खेळावा एवढ्याच विचारातून बॅडमिंटन सुरू झालं आणि वयोगटाच्या स्पर्धांत ती जिंकू लागली. पुढचं पाऊल टाकायचं तर नागपूर अपुरं पडत होतं. तेव्हा भारतीय बॅडमिंटनमध्ये दोनच मोठे रस्ते मानले जात: हैदराबादला गोपीचंद यांची अकादमी, नाहीतर बेंगळुरूला प्रकाश पदुकोण यांची. बनसोड कुटुंबाने तिसरा रस्ता धरला. नागपूरहून 300 किलोमीटरवर रायपूरला संजय मिश्रा शिकवत होते. भारताच्या ज्युनिअर संघाला प्रशिक्षण दिलेले हे प्रशिक्षक. आई आपला दवाखाना सोडून मुलीबरोबर रायपूरला राहिली आणि वडील नागपुरात काम सांभाळून ये-जा करत राहिले. आईने तर मुलीला मदत व्हावी म्हणून क्रीडाविज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घेतलं. दातांच्या डॉक्टरने मधल्या वयात पुन्हा वह्या-पुस्तकं उघडायची, तीही मुलीच्या खेळासाठी, ही या कहाणीतली सर्वांत मोठी गोष्ट. विजेतेपदांच्या यादीत ती कुठेच दिसत नाही.

घर सोडून जाणं महाराष्ट्राच्या बॅडमिंटनला नवं नाही. एकेकाळी हा खेळ इथेच मोठा होता. प्रा. दि. ब. देवधरांच्या मुली पुण्यात वाढून राष्ट्रीय विजेत्या झाल्या. सांगलीच्या नंदू नाटेकरांनी 1956 साली मलायात सेलांगर स्पर्धा जिंकली. परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. पुढे मात्र चित्र पालटलं. सलग नऊ वेळा राष्ट्रीय विजेती ठरलेली मुंबईची अपर्णा पोपट घडली ती बेंगळुरूला जाऊन. मालाडचा चिराग शेट्टी दुहेरीत जगातला अव्वल झाला तो हैदराबादेत राहून. ठाण्यात श्रीकांत वाड यांच्या तालमीत तयार होऊन दुहेरीत भारताकडून खेळलेला अक्षय देवलकर असे अपवाद आहेत, आणि ते बदलापूरच्या पट्ट्यातल्या मुलांना अधिक जवळचे वाटायला हवेत. पण अपवाद ते अपवादच.

मालविकाने सुरुवात केली ती अगदी तळापासून. आंतरराष्ट्रीय बॅडमिंटनची उतरंड उंच आहे. सर्वांत वर सुपर 1000 स्पर्धा, खाली 750, 500, 300, 100 आणि त्याहीखाली इंटरनॅशनल चॅलेंज, इंटरनॅशनल सिरीज, फ्युचर सिरीज. या खालच्या पायऱ्यांवर बक्षिसाच्या रकमेतून विमानाचं तिकीटही सुटत नाही. खेळाडू तिथे जातात ते क्रमवारीच्या गुणांसाठी. सप्टेंबर 2019 मध्ये मालविकाने मालदीवला फ्युचर सिरीज जिंकली. अंतिम फेरीत म्यानमारच्या थेट हतार थुझारला 21-13, 21-11 असं हरवलं. पाठोपाठ नेपाळची स्पर्धा जिंकली. मग करोनाने सगळं ठप्प केलं. स्पर्धा पुन्हा सुरू झाल्यावर 2021 मध्ये युगांडा आणि लिथुआनिया इथली विजेतेपदं तिच्या नावावर लागली. ही नावं वाचून कुणी वर्तमानपत्राचं क्रीडापान कापून ठेवत नाही. पण एकेक गुण साठवत वर चढायचं म्हणजे काय, ते या दौऱ्यांतच कळतं. अभ्यासही तिने सोडला नाही. दौरे सांभाळून नागपुरात अभियांत्रिकीला प्रवेश घेतला.

आणि 13 जानेवारी 2022 चा दिवस उजाडला.

दिल्लीत इंडिया ओपन चालू होती. करोनामुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता, आणि त्याच दिवशी सात भारतीय खेळाडू स्पर्धेबाहेर गेले होते. दुसऱ्या फेरीत मालविकासमोर होती सायना नेहवाल, मराठी वृत्तपत्रांनी ‘फुलराणी’ म्हणून डोक्यावर घेतलेली ऑलिंपिक पदकविजेती. मालविकाचा क्रमांक तेव्हा 111. ज्या सायनाचा खेळ पाहत ती मोठी झाली, तिला तिने 34 मिनिटांत 21-17, 21-9 असं हरवलं. सायना तेव्हा दुखापतींतून सावरत होती हे खरं, आणि तेवढं मान्य करायलाच हवं. तरीही नवख्या खेळाडूला समोरचं नावच आधी हरवतं. तसं इथे झालं नाही. पहिला गेम जिंकल्यावर हात आखडता घेण्याऐवजी दुसऱ्यात मालविकाने वेग वाढवला.

तिचा डावा हात इथे कामाला येतो. उजव्या हाताने खेळणाऱ्या दोघी समोरासमोर असल्या, की फोरहँडच्या कोपऱ्यातून तिरका मारलेला फटका समोरचीच्या फोरहँडला जातो. डावखुरीचा तोच फटका थेट उजव्या हाताच्या खेळाडूच्या बॅकहँडला जाऊन पडतो. शटल डोक्यावरून मागे जाताना पाय वळवायचे आणि उलट्या हाताने ते परतवायचं, हे बॅडमिंटनमधलं सर्वांत अवघड काम. मालविकाकडे स्पेनच्या डावखुऱ्या कॅरोलिना मरिनची दहशत बसवणारी ताकद नाही. ती रॅली लांबवते, समोरचीला मागच्या कोपऱ्यात नेते आणि मग अलगद ड्रॉप टाकते. असा खेळ पाहायला थोडा धीर लागतो, खेळायला त्याहून जास्त.

इंडिया ओपनच्या पुढच्याच फेरीत आकर्षी कश्यपने तिला थांबवलं. नऊ दिवसांनी लखनौला सय्यद मोदी स्पर्धेच्या अंतिम फेरीत ती पी. व्ही. सिंधूसमोर उभी होती. 35 मिनिटांत 13-21, 16-21 असा पराभव झाला. त्या जानेवारीत सायनावरच्या विजयाची चर्चा झाली, पण तिच्या खेळाचं खरं माप सिंधूविरुद्धच्या सामन्याने काढलं. उंचीचा आणि ताकदीचा फरक उघडा पडला. रॅली लांबवण्याआधीच सिंधू ती संपवत होती.

इथून पुढे आलेख सरळ वर जायला हवा होता. गेला नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये ती बाकूला अझरबैजान इंटरनॅशनल खेळत होती, म्हणजे पुन्हा खालच्या पायरीवर. ती स्पर्धा तिने जिंकली. सायनाला हरवून दोन वर्षं झाल्यावर गुणांसाठी बाकू गाठायचं आणि तिथे मन लावून जिंकायचं, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी वाखाणली जात नाही. एका विजयाने प्रकाशात आलेले किती खेळाडू असल्या स्पर्धा खेळण्यात कमीपणा मानतात आणि तिथेच अडकतात.

फळ सप्टेंबरमध्ये मिळालं. चांगझोऊच्या चायना ओपनमध्ये, म्हणजे सुपर 1000 च्या मांडवात, पहिल्याच फेरीत तिच्यासमोर इंडोनेशियाची ग्रेगोरिया मारिस्का तुनजुंग होती. महिन्याभरापूर्वीच पॅरिस ऑलिंपिकचं कांस्यपदक गळ्यात घातलेली. मालविकाने तिला 26-24, 21-19 असं हरवलं. पहिल्या गेममध्ये 20 च्या पुढे लांबलेला प्रत्येक गुण म्हणजे जिवाची घालमेल. तिथे ती डगमगली नाही. पुढच्या फेरीत स्कॉटलंडच्या क्रिस्टी गिलमोरला तीन गेममध्ये नमवून तिने सुपर 1000 ची पहिली उपांत्यपूर्व फेरी गाठली. जपानच्या अकाने यामागुचीने मात्र 21-10, 21-16 अशी वाट अडवली. नोव्हेंबरमध्ये जर्मनीत हायलो ओपनची अंतिम फेरी. तिथे डेन्मार्कची मिया ब्लिकफेल्ट वरचढ ठरली. 2025 च्या सुरुवातीला मालविका जगातल्या पहिल्या तीसांत होती. मार्चमध्ये ऑल इंग्लंडला तिने सिंगापूरच्या यो जिया मिनला 21-13, 10-21, 21-17 असं घरी पाठवलं, आणि पुढच्या फेरीत पुन्हा यामागुचीच आडवी आली.

जूनमध्ये जकार्ता. इंडोनेशिया ओपनची पहिली फेरी, समोर थायलंडची माजी जगज्जेती रत्चानोक इंतानोन. मालविकाने पहिला गेम 21-16 असा घेतला. दुसऱ्यातही ती 16-15 अशी पुढे होती. विजय पाच गुणांवर आलेला असताना गुडघा दुखावला आणि सामना सोडावा लागला. कागदावर तो पराभव म्हणून नोंदला गेला. प्रत्यक्षात तिच्या कारकिर्दीतला तो सर्वोत्तम सामना ठरण्याच्या बेतात होता.

बॅडमिंटनच्या क्रमवारीत मागच्या 52 आठवड्यांतल्या सर्वोत्तम दहा कामगिऱ्यांचे गुण धरले जातात. त्यामुळे घरी बसलेल्या खेळाडूची शिल्लक दर आठवड्याला आपोआप घटते. चांगझोऊचे गुण सप्टेंबरमध्ये गळणार होते, हायलोचे नोव्हेंबरमध्ये. दुखापतीने मालविकाला काही महिने कोर्टापासून दूर ठेवलं, आणि गुडघ्याच्या व्यायामाइतकाच हा हिशेबही तिच्या मागे लागला. नाव खाली सरकलं की मोठ्या स्पर्धांच्या मुख्य फेरीचं दार बंद होतं. मग पात्रता फेरी, किंवा पुन्हा मालदीव, युगांडा, बाकू यांसारखी ठिकाणं. ही वाट तिने एकदा नव्हे, दोनदा तुडवली आहे.